तीन मिनिटं झाली, युसूफभाई

गुरुवार, बारा जून. संध्याकाळी साडेसात ते आठ. हजर आपण नऊ जण आणि मॅडम. प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे सत्तावीस. शेवटची तीन मॅडमची. एकूण तीस. तुमचा नंबर सातवा होता, युसूफभाई. सात अठ्ठेचाळीसला तुम्ही बोलायला लागलात आणि सात एक्कावन्नला मी तुमचा आवाज बंद केला.

हे आधी लिहून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्या खाली येतं. तुमचं शेवटचं वाक्य अर्धं राहिलं ते लाइट गेली म्हणून नाही, नेट गेलं म्हणून नाही. माझ्या अंगठ्यानं राहिलं. "ताई, एक इचारायचं होतं. आठ दिस झाले, जिना चढताना..." एवढं ऐकू आलं. मग नुसते तुमचे ओठ हलत राहिले. तुमच्या लक्षात आलं तेव्हा तुम्ही हसलात आणि दोन्ही कान धरून दाखवलेत. मीही हसले.

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर तुमच्या मुलाचा निरोप आला, तुम्ही गेल्याचा. मी मेसच्या पोळ्या मोजत होते. एकशे बारापर्यंत आले होते. पुढचं मोजणं झालं नाही.

आपला ग्रुप म्हणजे काय, हे मला कुणाला नीट सांगता आलेलं नाही. शेजारीण विचारायची, "भजनाचा हाय का?" मी सांगायची, हृदयाचा झटका येऊन गेलेल्यांचा आहे, नांदेडच्या एका दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडम चालवतात, दर गुरुवारी आम्ही मोबाईलवर एकमेकांसमोर बसतो. ती म्हणायची, "आजाऱ्यानं आजाऱ्याला काय सांगावं!" तिचंही खरं होतं. पण झटक्यानंतर छातीत जाळी बसते, गोळ्या मिळतात, तेल-मीठ किती खायचं याचा कागद मिळतो. मागं जी भीती राहते तिच्यासाठी कागद नसतो.

मला झटका आला तो गेल्या वर्षी जानेवारीत, सकाळच्या डब्यांच्या वेळी. लातुरात शिकवणीला आलेल्या चौतीस मुलींची मेस आहे माझी. त्या दिवशी एकोणीस डबे भरून झाले होते. डॉक्टर म्हणाले, पंप बेचाळीस टक्के चालतोय, घरी जा, जपून राहा. घरी आले ती वेगळीच बाई. न्हाणीचं दार लावेना. जिन्यात एकटी थांबेना. दिवसातून शंभर वेळा नाडी मोजायची. दोनदा आमच्या मालकांनी मला पळत दवाखान्यात नेलं आणि दोन्ही वेळा ईसीजीचा कागद साफ निघाला. दुसऱ्या वेळी रिक्षातून येताना हे म्हणाले, "आता तिसऱ्यांदा नको बाई, डॉक्टर हसतील." रागानं नव्हते म्हणाले. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मी ग्रुपमध्ये सांगितलं, आणि तुम्ही ते ऐकलंत. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

पहिल्या गुरुवारी मी कॅमेरा छताकडं करून बसले होते. तुम्ही म्हणालात, "ताई, पंखा झ्याक हाय तुमचा. पण तोंड दिसलं असतं तर वळख झाली असती." पंधरा महिने आपण त्या चौकोनात भेटलो आणि एकदाही समोरासमोर नाही. तुम्ही नांदेडचे गादीवाले, तीन पिढ्या कापूस पिंजणारे. लातूरच्या होस्टेलांना ट्रकनं गाद्या पाठवायचात. "माझ्या गाद्यांवर झोपून पोरं डॉक्टर झाली, अन् त्यातल्याच एकानं माझ्या काळजात तार घातली. फुकट न्हाई घातली, त्येवढं वाईट वाटलं." सगळे हसायचे. आणि हाच माणूस झटक्यानंतर दोन महिने स्वतःच्या गादीवर पाठ टेकवत नव्हता. खुर्चीत बसून झोपायचा. "आडवं पडलं की वाटतंय, आता उठत न्हाई." हे तुम्ही त्याच हसऱ्या तोंडानं सांगितलंत, म्हणून कुणाच्या पटकन लक्षात आलं नाही.

मी भूकंपाचं बोलले ते तुमच्यामुळं. आमचं माहेर औशाकडचं. घरात आम्ही सात जण झोपलो होतो, उजाडलं तेव्हा पाच होतो. त्यानंतर पंचनामा झाला, यादी झाली, पत्र्याचं शेड मिळालं, पुढं पक्कं घर मिळालं. तुला कसं वाटतंय असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर आम्हाला ते समजलंही नसतं. बत्तीस वर्षांत मी हे नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं. ग्रुपमध्ये कसं निघालं कोण जाणे. छातीत फडफडलं की मला पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटते, एवढंच सांगायला गेले आणि थांबता येईना.

तुम्ही विचारलंत, "पक्कं घर भेटल्यावर आई घरात कवा झोपली, ताई?"

"सामान आत आणि आई अंगणात. दोन वर्षं."

"कुणी येडी म्हणलं का त्यांना?"

"नाही हो. सगळं गावच बाहेर झोपायचं."

"मग तुमच्या काळजाला बी दोन वर्षं अंगणात पडू द्या की. आत ये, आत ये म्हणून कशाला वढून राहिले त्याला?"

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीचं दार लावून आंघोळ केली. कडीसुद्धा घातली. ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. बाईमाणसानं काय सांगायचं, म्हणून राहिली. आता सांगते.

आणि भूकंपावरूनच आपलं भांडणही लागलं. तुम्ही सांगितलंत, भूकंपानंतर तुम्ही आणि तुमचे अब्बा तीनशे गाद्या शिवून ट्रकनं शेडांवर घेऊन गेला होता. मी विचारलं, कुठल्या गावाला? तुम्हाला नाव आठवेना. मी म्हटलं, आमच्या ओळीत चाळीस कुटुंबं होती आणि गाद्या अकरा आल्या. तुम्ही उसळलात. "म्हंजी बाकीच्या मी खाल्ल्या का?"

"मी आकडा सांगितला, युसूफभाई. आरोप नाही केला."

"तुमचा आकडाच आरोप असतोय, ताई!"

आपल्यातले लोह्याचे गुरुजी मध्ये पडले, "अहो, पंपावर ताण येईल दोघांच्या." तरी पुढचे चार गुरुवार तुम्ही सुरुवातीला तोच विषय काढायचात. गादीची शिवण सांगा, कापड सांगा, मी ओळखतो. मला आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की ती मऊ होती आणि आम्ही तिच्यावर चौघं आडवे झोपायचो. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही परत शिवण विचारली नाहीत. ते भांडण मिटलं नाही, राहूनच गेलं.

तीन मिनिटांचा नियम माझा. तो मॅडमचा नव्हता, दवाखान्याचा नव्हता. गुरुजी एकदा बोलायला लागले की अर्धा तास त्यांचाच. देगलूरच्या एक बाई होत्या. लागोपाठ तीन गुरुवार त्यांची पाळीच आली नाही, चौथ्या गुरुवारी त्या आल्याच नाहीत, परत कधीच आल्या नाहीत. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, तीन मिनिटं, सगळ्यांना सारखी. मॅडमचं नेट सारखं जायचं, म्हणून त्यांनी आवाज बंद करायचं बटण माझ्याकडं दिलं. तुम्ही तेव्हाच बोलला होतात, "ही काय शिकवणीची टेस्ट हाय का ताई? टाइम संपला, पेपर द्या?" पण हातही सगळ्यात आधी तुम्हीच वर केला होता.

आणि नियम सगळ्यात जास्त मोडलातही तुम्हीच. आधी दुकान, मग गल्ली, मग मावसभावाची सोयरीक, आणि मुद्द्यावर याल तोवर तीन मिनिटं झालेली. मी म्हणायची, "तीन मिनिटं झाली, युसूफभाई." तुम्ही म्हणायचात, "अजून कापूस पिंजला बी न्हाई, ताई!" आणि मी बटण दाबायची. सगळे हसायचे. तो आपला ठरलेला खेळ झाला होता. किती गुरुवार झाला असेल? मी वही काढून मोजलं. तेवीस वेळा. चोविसाव्या वेळी तुम्ही मुद्दा आधी काढला होता. दुकान नाही, गल्ली नाही. सरळ म्हणालात, एक विचारायचंय. नाही, सरळ नाही. आधी अडीच मिनिटं गुरुजींच्या नातीच्या निकालावर गेली, मग म्हणालात. पण मी आवाज तरी ऐकायला हवा होता. तो खेळातला आवाज नव्हता.

आणखी एक. बोलायच्या आधी प्रत्येकानं आठवड्याची भीती दहापैकी किती ते सांगायचं असायचं आणि मी लिहायची. पंधरा महिने तुमचा आकडा दोन. मी म्हणायची, कुणाची भीती इतकी एकसारखी नसते, खरं सांगा. तुम्ही म्हणायचात, "माझी भीती गादीवानी हाय, दाबली की तेवढीच." त्या गुरुवारी तुम्ही म्हणालात, "आज चार लिवा." मला बरं वाटलं, युसूफभाई. मला वाटलं, एकदाचं माणूस खरं बोलायला लागलं. मी चार लिहिलं, आकड्याभोवती गोल केला, आणि चार का, हे विचारलं नाही.

बुधवारी आम्ही दोघं एसटीनं नांदेडला आलो. तिसऱ्या दिवसाची माणसं खाली दुकानात बसली होती. हे त्यांच्यात, गाद्यांच्या थप्पीला टेकून बसले. शमीमभाभी इद्दतीत, तुमच्या मागं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, म्हणून त्या वर. मी जिना चढले. पायऱ्या बावीस. अकराव्या पायरीवर वळण आहे आणि तिथं भिंतीवर छातीएवढ्या उंचीला हाताचा काळपट डाग आहे. जुना नसावा, वरचा-खालचा चुना पांढरा होता. मीही तिथंच थांबले. हात मात्र तिथं ठेवला नाही.

भाभी म्हणाल्या, "तुमी लातूरच्या ताई ना? टायमावाल्या?"

मी मान हलवली. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, पाणी दिलं. दाराआड खुंटीवर तुमचा सदरा होता. तो बघून कळलं की तुम्ही उंच होता. चौकोनात सगळे सारखेच दिसतात.

मी विचारलं, ते मला काय विचारणार होते, तुम्हाला माहीत आहे का? एवढ्यासाठीच मी आले होते. मनात एक वेडी आशा होती की त्या म्हणतील, काही नाही, जिन्याची पायरी फुटलीय तिचं सांगायचं होतं.

त्या म्हणाल्या, "जिना चढले की छाती जड होऊन ऱ्हायली व्हती. मी म्हणले, चला दवाखान्यात. तर म्हणले, ही भीती हाय का दुखणं हाय ते कळंना. गुरुवारी ताईला इचारतो. ताईला दोनदा असंच झालं, दोन्ही टायमाला कागद साफ निघाला. फुकट डॉक्टर हसंल."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"गुरुवारी मोबाईल ठेवला तर मी इचारले, क्या बोली ताई? तर हसायला लागले. म्हणले, टाइम हो गया मेरा. पुढच्या गुरुवारी पयला नंबर लावतो."

खाली कुणीतरी खोकलं. भाभींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि असता तर मला बसता आलं असतं.

"तुमी काय सांगितलं असतं, ताई?"

युसूफभाई, याचं उत्तर मी तुम्हाला खरं देते, कारण तिथं दिलं नाही. तिथं मी म्हटलं, "लगेच दवाखान्यात जा, म्हटलं असतं." पण घरी येऊन वही पाहिली. पंधरा महिन्यांत मी ग्रुपमध्ये नऊ वेळा लोकांना सांगितलंय, "भीती असते ती, मलाही होतं, पाणी प्या, बसा." नवाच्या नऊ वेळा मी बरोबर निघाले. दहाव्यांदा मी काय म्हटलं असतं? तुम्हाला तीन मिनिटं जास्त दिली असती, तीस दिली असती, आणि मग हेच सांगितलं असतं का? मला माहीत नाही. तुमचा आवाज बंद केला ही माझी एक चूक मी उचलू शकते. ही दुसरी उचलता येत नाही, कारण ती झालेलीच नाही आणि तरी आहे.

माझं उत्तर ऐकून भाभी म्हणाल्या, "हौ. मी बी तेच म्हणत व्हते. माझं ऐकले न्हाईत. तुमचं ऐकले असते."

एसटीत हे म्हणाले, "उगं मनाला लावून घेऊ नको. त्याची घटका भरली होती." मी खिडकीकडं तोंड केलं. लोहा आलं तेव्हा यांनी चहा आणून दिला आणि तो माझ्या हातात गार झाला.

एकोणीस तारखेच्या गुरुवारी आपण आठ होतो. मी आधीच मॅडमना बटण परत दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "ताई, शरीराचं दुखणं गटात विचारायचं नसतं, ते डॉक्टरांकडं न्यायचं असतं. हे मी आणखी ठासून सांगायला हवं होतं. चूक झाली असेल तर माझी." मॅडमचं बरोबर आहे. पण मॅडमनी तुमचा आवाज बंद केला नव्हता. गुरुजी म्हणाले, "तुमच्या घड्याळामुळं मला गप्प बसायला आलं, ताई. पहिल्यांदा दुसऱ्यांचं ऐकलं मी." चांगल्या मनानं म्हणाले. बाकीच्या सातही जणांनी मला समजावलं. त्या दिवशी कुणी कुणाला थांबवलं नाही, तरी सगळं बावीस मिनिटांत संपलं. तुमच्याशिवाय लांबवणारं कोणी नव्हतं.

मला विचारलं, ताई, दहापैकी किती? मी म्हटलं, दोन.

शनिवारी सकाळी मी गच्चीवर मुलींच्या चादरी वाळत घालायला निघाले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात छाती जड झाली. थांबले. भीतीच आहे, आठवडाच तसा गेलाय, असं स्वतःला सांगितलं आणि चार पायऱ्या आणखी चढले. पाचवीवर पाय ठेवता येईना. छाती आवळलेली म्हणून नाही. मला समजेचना की हे काय आहे, आणि विचारायचं कुणाला, तेही समजेना. तुमच्यासारखीच उभी राहिले मी, युसूफभाई, बादली हातात धरून. तिथं मला कळलं, तुम्ही आठ दिवस कशात काढलेत. मरणाचं भय वेगळं. हे न कळण्याचं भय होतं, आणि त्यात एक लाजही होती, परत जायची.

खाली येऊन मी यांना सांगितलं. मला वाटलं, हे तिसऱ्यांदाचं काही म्हणतील. यांनी सरळ चपला घातल्या.

ईसीजी काढला. तीन तासांनी रक्त तपासलं. डॉक्टर तरुण होते, तुमच्या त्या गाद्यांवर झोपलेल्यांपैकीच एखादे असतील. कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, "हे बघा, काही नाही. पण आलात ते बरं केलंत. असं वाटलं की दहा वेळा या." ते हसले नाहीत. युसूफभाई, कुणीही हसलं नाही.

मी रडायला लागले तेव्हा सिस्टरला वाटलं, सुटले म्हणून रडते. ती पाठीवर हात फिरवत म्हणाली, "झालं मावशी, झालं, साफ आलाय की." मला तिला सांगता आलं नाही की हे वाक्य, साफ आहे किंवा साफ नाही, दोन्हींतलं एक, तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं, एका सकाळचं काम होतं, तुमच्या घरापासून दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर आहे, मी येताना बघितलं.

ईसीजीचे तीनशे, रक्ताचे सातशे. एकूण हजार. यांनी खिशात हात घातला, पण मी माझ्या पर्समधले काढून काउंटरवरच्या मुलीला दिले. तिनं नाव विचारलं, वय विचारलं, आणि माझ्या नावाची पावती फाडली.